आजीला पडण्याचा धोका किती? मोबाईलच्या उत्तरावर भरवसा ठेवण्याआधी हे समजून घ्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोकांचा मृत्यू होतो. यातले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. उतारवयात खुब्याचं हाड मोडलं की अनेकांचं हिंडणंफिरणं कायमचं थांबतं. त्यामुळे कोण पडू शकतं हे आधीच सांगणारी मोबाईल अ‍ॅप्स आणि सेन्सर आता आले आहेत. पण त्यांचं उत्तर कितपत खरं असतं?

ही साधनं काय मोजतात?

अनेक साधनांचा पाया १९९१ साली मांडलेली एक साधी चाचणी आहे. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या निकषानुसार १२ किंवा त्याहून जास्त सेकंद लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. पूर्वी हे घड्याळ लावून मोजायचे. आता कमरेला बांधलेला मोबाईल वेळेसोबत पावलं आणि वळणंही टिपतो.

विश्वासार्हता कशी तपासतात?

त्याच माणसाची चाचणी काही दिवसांनी पुन्हा घेतात. दोन वेगवेगळे कर्मचारी किंवा दोन वेगळे मोबाईल वापरूनही पाहतात. निकाल किती जुळतात हे ० ते १ या आकड्यात सांगतात. साधारणपणे ०.७५ च्या वर चांगलं आणि ०.९ च्या वर उत्तम मानलं जातं.

इथे एक मेख आहे. चाचणीत विशीतली मुलं आणि ऐंशीचे आजोबा एकत्र घेतले, तर हा आकडा आपोआप वाढतो. म्हणून 'चूक किती सेकंदांची?' हेही विचारायला हवं. समजा, साधन तीन सेकंद इकडेतिकडे होत असेल, तर ११ सेकंदांचा निकाल '८' असू शकतो किंवा '१४'ही. म्हणजे एकच माणूस आज सुरक्षित आणि उद्या धोक्यात!

तेच उत्तर म्हणजे बरोबर उत्तर?

नाही. मोंढ्यातला काटा प्रत्येक पोत्याला दोन किलो कमीच दाखवत असेल, तर तो दर वेळी सारखंच सांगतो, पण चुकीचं सांगतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात या चालण्याच्या चाचणीची मर्यादा दिसली. साडेतेरा सेकंदांची रेषा धरली, तर पुढे पडलेल्या दर १०० जणांपैकी जेमतेम ३१ जण तिने आधी ओळखले होते.

परभणीत वेगळं काय तपासावं?

२०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार आहे आणि त्यातले बहुतेक लोक खेड्यात राहतात. चाचणी खुर्चीवरून सुरू होते. पण जिंतूर किंवा पालमच्या खेड्यातल्या आजी दिवसभर जमिनीवर बसतात-उठतात, नऊवारी नेसतात आणि सारवलेल्या अंगणात चालतात. अनेकांची जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली असते, आणि अ‍ॅप तर वय विचारतं. 'गेल्या वर्षी पडलात का?' या प्रश्नावर शेतात पाय घसरला होता, हे त्या सांगतीलच असं नाही. म्हणून दवाखान्याच्या फरशीवर घेतलेली चाचणी पुरेशी नाही. आशाताईंच्या हातात, गावातल्या अंगणात निकाल जुळतात का आणि पुढच्या वर्षभरात खरोखर कोण पडलं, हे दोन्ही पाहावं लागेल.

मग घरी काय करायचं?

तीन प्रश्न विचारा. वर्षभरात पडलात का? उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? पडायची भीती वाटते का? एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर अ‍ॅपने 'धोका कमी' असं दाखवलं तरी डॉक्टरांना भेटा. चालू असलेल्या गोळ्या, नजर आणि उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, हे तपासून घ्या. रात्री मोरीकडे जायच्या वाटेवर दिवा आणि धरायला कठडा असू द्या. त्यासाठी कुठल्याही अ‍ॅपची वाट पाहायची गरज नाही.