वॅटचा आकडा आणि वस्तूचे मोल

गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत रायपूरच्या मालवीय मार्गावरून किंवा जयस्तंभ चौकाच्या परिसरातून फेरी मारली, तर ध्वनियंत्रांच्या खोक्यांवर मोठमोठे आकडे झळकताना दिसतात. एकावर ५० वॅट, शेजारच्यावर २००० वॅट. आणि लहान आकड्याच्या यंत्राची किंमत मात्र पुष्कळदा अधिक! घरी बसून नाट्यसंगीत व अभंग ऐकू इच्छिणाऱ्या गृहस्थाने अशा वेळी स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरची पारख कशी करावी?

सर्वच वॅट सारखे नसतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. यंत्र अखंडपणे जी शक्ती देऊ शकते, ती व्यवहारात ‘आरएमएस’ या अक्षरांनी दर्शवितात. ‘पीएमपीओ’ हा आकडा निमिषमात्र टिकणाऱ्या शिखराचा असतो, आणि तो काढण्याची सर्वमान्य अशी रीतच नाही. त्यामुळे तो हवा तितका फुगविता येतो. अमेरिकेतही असाच गोंधळ माजला होता. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली त्याविषयी नियम केला. २०२४ मध्ये तो अधिक काटेकोर करून ८ ओहमचा भार, २० ते २०,००० हर्ट्‌झचा पल्ला आणि १ टक्क्याहून कमी विकृती अशा अटी घातल्या. आपणही दुकानदारास हेच विचारावे: दोन्ही बाजू एकाच वेळी चालू असता, किती ओहमवर आणि किती विकृतीसह एवढी शक्ती मिळते? “अहो, आवाज तर ऐका!” एवढेच उत्तर आले, तर काय ते समजावे.

यंत्राची मागील बाजूही पाहावी. तेथे फ्यूज १ अँपिअरचा असेल, तर २३० व्होल्टच्या विजेवर ते यंत्र सतत सुमारे २३० वॅटच ओढू शकेल. त्यातील काही भाग उष्णतेत जाणार. मग खोक्यावरील २००० वॅट यावेत कोठून? (पट्टीवर लिहिलेला वीजखर्च कधीकधी सामान्य वापराचा असतो, तेवढ्यावरून प्रामाणिक उत्पादकास दोषी ठरवू नये.)

आता किमतीचा प्रश्न. ५० वॅटऐवजी १०० वॅटचे यंत्र घेतले, तर आवाज दुप्पट होईल अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात वाढ होते ती केवळ ३ डेसिबलची. कानाला दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दसपट लागते. हीच ३ डेसिबलची वाढ, त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर, ८७ ऐवजी ९० डेसिबल संवेदनक्षमतेचे स्पीकर जोडूनही मिळते. बैठकीच्या खोलीत नेहमीच्या ऐकण्याला बहुधा एक-दोन वॅटच खर्ची पडतात; बाकीची शक्ती तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी राखीव. म्हणून खोलीपुरते ऐकणाऱ्याने केवळ दुप्पट वॅटसाठी दीडपट पैसे मोजणे मला तरी पटत नाही. तो पैसा चांगल्या स्पीकरवर खर्च करावा. उलट, ४० अस्सल वॅटच्या यंत्रात भरभक्कम रोहित्र, पुरेसे उष्णताशोषक आणि गावातच दुरुस्तीची सोय असेल, तर अधिक किंमत देण्यास हरकत नाही.

मंडळाच्या सभागृहाची गोष्ट निराळी. तेथे शक्ती खरोखरच लागते. परंतु घराघरांतील भिंती एकमेकींना लागून आहेत, आणि निवासी भागासाठी २००० सालच्या नियमांनी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल एवढीच मर्यादा ठरवून दिली आहे.