खांबाला कान लावा
म्हसावदला जुनं धाब्याचं घर बघायला गेलं की मालक आधी सागवानी खांब दाखवतो, आणि आपण भुलतो. खांबाचं बूड ठोकावं. आवाज पोकळ आला, तर वाळवी आत जेवून गेलेली. जावं ते भर पावसाळ्यात, दिवाळीच्या रंगाआधी. कागदांची वाळवी मात्र ठोकून कळत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरचं नाव घरपट्टीपुरतं, तो मालकीचा पुरावा नव्हे. २००५च्या कायदादुरुस्तीनंतर वडिलोपार्जित घरात लेकींचाही समान वाटा; म्हणून सुरतेला नांदणाऱ्या बहिणीची सही कुठे आहे, हे मी चहाआधीच विचारतो. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर बिगरआदिवासीला महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पुतण्या वैतागतो, ‘काका, घर बघताय की स्थळ?’