टोपलीतल्या अंड्यांचे रंग

अंड्याचा रंग कोणता, असे शहरातल्या मुलाला विचारले तर ते चटकन ‘पांढरा’ म्हणेल. आई म्हणेल, “गावठी असेल तर तांबूस.” आणि वडील म्हणतील, “तांबूस असेल तर महाग!” तिघांचेही बरोबर आहे. पण हा रंग येतो कुठून, आणि त्याला आपण जादा पैसे का मोजतो, हे घरात क्वचितच कुणी विचारते. दिवाळीत दारोदार रंग मांडलेले असतातच. तेव्हा या रंगाचीही थोडी चौकशी करू.

भिवंडी हे मागांचे गाव, म्हणून कापडाच्याच भाषेत सांगतो. कोंबडीच्या पोटात एक अंडे तयार व्हायला सुमारे २५ तास लागतात. त्यातले २० तास तर कवच घडण्यातच जातात. कवच मुळात चुन्याचे, पांढरेफटक. तांबूस रंग त्यावर मुख्यतः शेवटच्या काही तासांत चढतो. म्हणजे पांढऱ्या कापडावर वरून केलेली छपाई. खात्री करायची असेल तर तांबूस अंडे फोडून कवचाची आतली बाजू पाहा. ती फिकट दिसेल. निळ्या अंड्याचे तसे नाही. तिथे सूतच रंगवून मग कापड विणलेले असते; आतून पाहा, बाहेरून पाहा, निळेच. आणि या निळ्या कापडावर तांबडी छपाई झाली की निघते शेवाळी हिरवे अंडे! निळी अंडी देणाऱ्या जातीचा कोंबडा आणि तांबूस अंडी देणाऱ्या जातीची कोंबडी यांच्या लेकी अशी हिरवी अंडी घालतात.

निळी अंडी देणाऱ्या कोंबड्यांत प्रसिद्ध आहे ती दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाची अराउकाना. तिच्या निळाईचे कोडे २०१३ साली उलगडले. फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या आनुवंशिक द्रव्यात शिरून कायमचा बसला, आणि त्याच्यामुळे कवचात निळे रंगद्रव्य उतरू लागले. पाहुणा आला तो घर रंगवून गेला, असा हा प्रकार!

आता तुम्ही म्हणाल, मग कडकनाथ काळी अंडी देत असेल. मुळीच नाही. झाबुआची ही कोंबडी मांसापर्यंत काळी. अंडे मात्र फिकट बदामी. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचा बोलबाला झाला. पुढच्याच वर्षी सांगली भागात कडकनाथ पाळण्याच्या एका योजनेत कित्येक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. पक्षी बिचारा निर्दोष. पण नवलाईच्या रंगावर संसाराची पुंजी लावू नये, एवढा धडा त्यातून घ्यावा.

हा धडा आपल्या शेजारच्या खेड्यांनाही लागू आहे. भिवंडीहून अंबाडी-वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागा किंवा पडघ्याकडे वळा. पाड्यावरच्या घरामागे पाच-सात कोंबड्या उकिरडा उकरताना दिसतील. त्या घरच्या बाईची ती चालती-बोलती बँक असते. पोराची वही, म्हाताऱ्याचे औषध, अडीअडचणीचे एस.टी.चे भाडे यांतूनच निघते. पण गावठी कोंबडी वर्षाला देते पन्नास-साठच अंडी. म्हणून संकरित कोंबड्या आल्या. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराजा आणि ग्रामप्रिया. परसात हिंडूनही त्या शंभरावर अंडी देतात, आणि तीही तांबूस. त्यामुळे बाजारात ‘गावठी’ म्हणून सहज खपतात.

इथपर्यंत सारे छान. पण संकराचेही कापडासारखेच असते. ताणा एका गिरणीचा, बाणा दुसऱ्या गिरणीचा. दोन्ही निवडून घेतलेले, म्हणून पहिला ठाण एकसारखा उतरतो. त्या कोंबड्यांची अंडी घरीच उबवून पुढची पिढी काढली की वीण बिघडते. एक तलंग आजीवर जाते, एक आजोबांवर; एकीचे अंडे गडद, दुसरीचे फिकट, आणि अंड्यांची संख्याही घसरते. हौसेला ही रंगीबेरंगी टोपली फार गोड दिसते. पण जिला त्या टोपलीवर घर चालवायचे आहे, तिच्या हिशेबात खोट येते.

दुसरी अडचण त्याहून मोठी. या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणजे अंडी घालायची आणि चालू लागायचे, बसायचे कुणी? रवणावर एकवीस दिवस अन्नपाणी विसरून बसते ती आपली गावठीच. कमी अंडी देणारी म्हणून तिला चुलीवर चढवली, तर पिल्लांसाठी दर वेळी बाहेर हात पसरावा लागेल. तेव्हा शहाणी बाई चार सुधारित कोंबड्यांबरोबर दोन गावठी राखते: त्यांनी अंडी घालावी, यांनी पिल्ले सांभाळावी.

ज्यांना अंगण आहे आणि हौसही आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. नुसती खायला अंडी हवी असतील तर कोंबडा पाळायची गरज नाही. त्याच्यावाचूनही कोंबडी अंडी घालते आणि पहाटेची बांग नसल्याने शेजारीही बोलते राहतात. दिवाळीच्या सुमारास अंडी कमी झाली तर घाबरू नका. दिवस लहान होतात, जुनी पिसे झडतात, कोंबडी सुट्टी घेते. तेवढे दिवस कोंड्याकणीत थोडी शेंगदाण्याची पेंड घाला. कवच पातळ येत असेल तर खाडीचे शिंपले कुटून ठेवा. मानमोडीची लस मात्र चुकवू नका. आणि कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या तर झाकपाक न करता गुरांच्या दवाखान्यात कळवा. २०२२ च्या फेब्रुवारीत शेजारच्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू आला, तेव्हा हजारो पक्षी मारावे लागले होते.

राहिला प्रश्न जादा पैशांचा. कवचाचा रंग कोंबडीचे कुळ सांगतो, अंड्याचा कस नव्हे. पांढरे असो, तांबूस असो की हिरवे; आतले सत्त्व रंगाने वाढत नाही. बलक पिवळाधमक दिसतो तो हिरव्या पाल्याने आणि मक्याने. मग गावठी अंड्याला दोन रुपये जास्त देऊच नयेत का? जरूर द्यावेत. ज्या बाईने मुंगसापासून आणि घारीपासून कोंबडी राखली, पहाटे खुराडे उघडले, आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठला, तिच्या कष्टाला ते द्यावेत. कवचावरच्या रंगाला नकोत.