‘दुखतंय’च्या पुढचे शब्द

सहा वर्षांचं पोर पोट धरून दवाखान्यात बसलेलं असतं. डॉक्टर विचारतात, ‘काय होतंय बाळा?’ ‘दुखतंय.’ ‘कसं दुखतंय?’ ‘असं... दुखतंय.’ मग आईच बोलायला लागते. पण पोटात मुरडा येतोय, जळजळतंय की एकाच जागी टोचतंय, हे आईला कुठून कळणार? ते पोरालाच ठाऊक असतं आणि नेमका त्याच्याकडेच शब्द नसतो.

अशी मुलं मुकी नसतात. त्यांना प्राण्यांची नावं येतात, रंग येतात, इंग्रजी कविता तोंडपाठ असतात. पण शाळेत काय झालं विचारलं की, ‘तिकडे ना, त्याने ते केलं, मग ते असं झालं.’ ‘ते’ आणि ‘असं’ यांवरच सगळी गाडी! नाव सांगता येणं वेगळं आणि वर्णन करता येणं वेगळं.

स्पीच थेरपी फक्त बोबड्या किंवा तोतऱ्या मुलांसाठी असते, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. वर्णन करायला शिकवणं हाही तिचा भाग आहे. थेरपिस्ट मुलापुढे एखादी छत्री ठेवतात आणि ठरावीक क्रमाने विचारतात: ही कशासाठी वापरतात? दिसते कशी? हाताला कशी लागते? तिला काय काय आहे? घरात कुठे असते? प्रत्येक प्रश्नासाठी एक चित्र किंवा रंगीत मणी असतो. सवय झाली की तो काढून घेतात. मग पिशवीतला खेळ येतो. आत हात घालायचा, वस्तूचं नाव घ्यायचं नाही, समोरच्याने ओळखली पाहिजे असं सांगायचं. मला दिसतंय ते समोरच्याला दिसत नाही, म्हणून शब्द लागतात, ही खरी गोष्ट मूल इथे शिकतं.

पण थेरपी आठवड्यातून तासभर. बाकीचा आठवडा घराचा. म्हणून आई-बाबांना, आजी-आजोबांना माझं सांगणं आहे.

पहिलं, परीक्षा घेणं थांबवा. ‘काकांना सांग पाहू, हा कोणता रंग?’ यातून उत्तर मिळतं, बोलणं वाढत नाही. त्यापेक्षा स्वतः बोला. मूल ‘भेंडी’ म्हणालं, तर तुम्ही म्हणा, ‘हो, कोवळी भेंडी. चिरली की बुळबुळीत होते बघ.’ त्याच्या वाक्याला दोन शब्द जोडा आणि पुढे चला. ‘आता तू म्हण’ असा लकडा नको.

दुसरं, मराठीची पेटी उघडा. खरखरीत, गुळगुळीत, भुसभुशीत, लुसलुशीत. या शब्दांचा स्पर्श कानालाही होतो, म्हणून पोरांना ते आवडतात. शिवाय मराठीत वस्तूप्रमाणे शब्दाचं रूपही बदलतं: आंबा पिवळा, हळद पिवळी आणि लिंबू पिवळं. मूल ‘पिवळा हळद’ म्हणालं तर हसू नका, रागावूही नका. ‘हो, पिवळी हळद’ एवढंच म्हणा. कान आपोआप शिकतो.

तिसरं, थांबा. प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजा. शब्द शोधायला वेळ लागतो आणि घाईत आपणच तो त्याच्या तोंडून काढून घेतो.

चौथं, इंग्रजी शाळेसाठी घरातली मराठी बंद करू नका. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणं मागे पडत नाही. मालवणी असो, अहिराणी असो, वऱ्हाडी असो, जी भाषा तुमच्या तोंडी सहज येते, तीच मुलाशी बोला.

आणि ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ म्हणून वाट पाहू नका. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, तीन वर्षांचं छोटी वाक्यं बोलत नसेल, पाचव्या वर्षी घडलेला साधा प्रसंग सांगता येत नसेल, तर दाखवून घ्या. आधी कान तपासा. टाळीला वळून बघतं म्हणजे सगळं नीट ऐकू येतं असं नाही. वारंवारच्या सर्दीनेही ऐकणं मंदावतं. थेरपिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का, हे बेलाशक विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून याच कामासाठी आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते. अनेक जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी, म्हणजे मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र आहे आणि तिथले उपचार मोफत असतात.

आज भाजी निवडताना मोबाइल बाजूला ठेवून पोराला शेजारी बसवा. ओल्या मेथीचा वास कसा येतो, ते आधी तुम्ही सांगा. आणि पुढच्या खेपेला ते पोट धरून आलं, तर लगेच ‘गॅस झालाय’ म्हणू नका. ‘कसं दुखतंय?’ विचारा आणि मनात पाचपर्यंत मोजा.