पुतळा पुन्हा उभा राहिला, आता त्याची काळजी कोण घेणार?

कॉलेजची ट्रिप मालवणला गेली की राजकोट किल्ल्यावर थांबायचं, हे आता ठरूनच गेलंय. समोर पाण्यात सिंधुदुर्ग आणि किनाऱ्यावर छत्रपती शिवाजी महाराजांचा 60 फुटी कांस्य पुतळा. फोटो झकास येतो. पण त्या जागेवरचा हा दुसरा पुतळा आहे. पहिल्याचं काय झालं, हे रील टाकून झाल्यावर तरी एकदा नीट समजून घ्या.

4 डिसेंबर 2023 ला, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते पहिल्या 35 फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. म्हणजे पुरते नऊ महिनेही टिकला नाही. मग आरोप-प्रत्यारोप झाले, मोर्चे निघाले, अटका झाल्या. 30 ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांनी माफी मागितली. नवा पुतळा ज्येष्ठ शिल्पकार राम सुतार यांच्याकडून घडवून घेण्यात आला आणि 11 मे 2025 ला मुख्यमंत्र्यांनी त्याचं पूजन केलं. बातमी तिथे संपली. आपला प्रश्न मात्र तिथून सुरू होतो.

वारा की गंज?

पुतळा पडला तेव्हा ताशी 45 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचं कारण पुढे आलं. कोकणातल्या कुणालाही विचारा, पावसाळ्यात असा वारा ही काही बातमी नव्हे. नंतर चौकशी समितीनेही बोट ठेवलं ते गंजावर, कच्च्या वेल्डिंगवर, सदोष सांगाड्यावर आणि न झालेल्या देखभालीवर.

इथे बारावीचं केमिस्ट्री आठवा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असतील आणि मध्ये खारं पाणी आलं, तर त्यांची जणू बॅटरीच तयार होते. कांस्य आणि लोखंड अशी जोडी असेल तर लोखंडाचा बळी आधी जातो. बाहेरून पुतळा चकचकीत दिसतो आणि आत सांगाडा झिजत राहतो.

हे जगाला माहीत नव्हतं असंही नाही. न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा 1886 चा. त्याची तांब्याची कातडी जेमतेम अडीच मिलिमीटर जाड, आत लोखंडी पट्ट्यांचा आधार. दोन धातू टेकू नयेत म्हणून मध्ये थर दिला होता, तो काळाच्या ओघात निकामी झाला आणि पट्ट्या गंजून फुगल्या. अखेर 1984 ते 1986 या काळात मोठी दुरुस्ती झाली. लोखंडाच्या जागी स्टेनलेस स्टील आलं, मध्ये टेफ्लॉन घातलं गेलं. तो पुतळा आजही उभा आहे, कारण कुणीतरी आत शिरून तपासत राहिलं. समुद्राकाठचं स्मारक एकदा बांधून सोडून देता येत नाही. घराला दर काही वर्षांनी रंग काढावा लागतो, तसंच हे.

पत्र गेलं, पुढे काय?

राजकोटच्या प्रकरणातली सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. पुतळा पडण्याच्या सहा दिवस आधी, 20 ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मालवणच्या अधिकाऱ्याने नौदलाला पत्र पाठवलं होतं. पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने नटबोल्ट गंजताहेत, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे धोका दिसत होता. पैसे राज्याचे, देखरेख नौदलाची, काम खासगी मंडळींचं; आणि दुरुस्तीची शिडी लावायची कुणी, हे मात्र स्पष्ट नव्हतं. नव्या पुतळ्याच्या निविदेत कंत्राटदाराने 10 वर्षं देखभाल करावी, अशी अट आली. चांगलंच झालं. पण अकराव्या वर्षी काय?

तिकडे समोरच्या सिंधुदुर्गाचं बांधकाम 1664 मध्ये सुरू झालं. तट लाटा खात साडेतीनशे वर्षांहून जास्त उभा आहे. पण किल्लासुद्धा आपोआप टिकत नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चार जलदुर्ग आहेत. हा दर्जा मिरवण्यापुरता नाही, जपणुकीची जबाबदारीही त्यासोबत येते.

खांदेरीवरून कान्होजी आंग्रे आठवतात. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी त्यांना कुलाबा घेता आला नाही. इंग्रजांनी ज्यांना चाचा म्हटलं, त्यांच्या नावाने आज मुंबईत भारतीय नौदलाचा ‘आयएनएस आंग्रे’ हा तळ आहे. अलिबाग शहरात त्यांची समाधी आहे. बीचवर जाणाऱ्यांपैकी किती जण तिथे वाट वाकडी करून जातात? उंचीच्या स्पर्धेत अशा जागा मागे पडतात. स्मारक किती फुटी, हे आपल्याला तोंडपाठ असतं. तिथे लढलेल्या माणसाने नेमकं काय वाचवलं, हे विचारलं की आपण गप्प.

तुम्ही काय करू शकता?

भावना दुखावल्या म्हणून पोस्ट टाकणं सोपं आहे. त्यापेक्षा एक अर्ज करा. माहिती अधिकार कायदा 2005 चा. फी 10 रुपये, उत्तरासाठी साधारण 30 दिवस. तुमच्या गावच्या पुतळ्याची किंवा किल्ल्याची शेवटची तांत्रिक तपासणी कधी झाली? अहवाल कुठे आहे? देखभालीला दरवर्षी किती पैसे ठेवलेत आणि खर्च किती झाले? सिव्हिल किंवा मेकॅनिकलला असाल तर हा प्रोजेक्टचा विषय होऊ शकतो. इतिहासवाल्यांनी सोबत यावं.

पुढचा पावसाळा येईलच. त्याआधी निदान आपल्या गावापुरती तरी या प्रश्नांची उत्तरं मागून ठेवा.