पाखराच्या नावानं माणूस हाकलायचा, बंदराच्या नावानं पाखरू



रानपिंगळा आपल्याच भागातला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात तीन अमेरिकन अभ्यासकांना तो दिसला आणि ११३ वर्षं हरवलेलं घुबड सापडलं अशी बातमी जगभर झाली. हरवलं होतं कुणाचं? त्या ११३ वर्षांत आपले आजे-पणजे त्याच जंगलात मोह वेचत होते, ढोरं चारत होते. त्यांना कोण विचारतो! उलट मेनर्ट्झहागेन नावाच्या एका गोऱ्या साहेबानं म्युझियममधून रानपिंगळ्याचं कातडं चोरलं, त्यावर खोटी चिठ्ठी लावली की हा मी १९१४ साली गुजरातेत मारला, आणि ती चिठ्ठी पुढं कितीतरी वर्षं खरी धरली गेली. साहेबाचा कागद खरा, आणि आपलं तोंडी बोलणं खोटं. वनहक्काच्या दाव्यात आजही हेच चालतं. गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा धरावा असं नियम सांगतो, अन् साहेब म्हणतो दंडाची पावती दाखव.

ती चोरी उघड करणाऱ्यांत पामेला रासमुसेन या बाई होत्या. शहाद्याला आलेल्या तिघांतल्याही त्या एक. त्यांनीच १९९८ मध्ये आणखी एका घुबडाला शास्त्राचं नाव दिलं. ते ग्रेट निकोबार बेटावरचं छोटं घुबड. पहिलं कातडं १९६६ चं, दुसरं १९७७ चं. नाव मिळायला ३२ वर्षं गेली, तेही दोन मेलेल्या पक्ष्यांवरून.

हे बेट आपल्या देशाच्या अगदी दक्षिण टोकाला, सुमात्राजवळ. तिथं जंगलात शोंपेन राहतात, किनाऱ्याला निकोबारी. दोन्ही आदिवासी, आपलेच. तिथं मेगापोड नावाचा कोंबडीएवढा पक्षी आहे. तो अंड्यावर बसत नाही. किनाऱ्यालगतच्या झाडीत वाळू, माती, पालापाचोळा पायानं ओढून मोठा ढीग करतो आणि त्यात अंडी पुरतो. पाला कुजतो, त्याची ऊब अंड्याला लागते. पिल्लू ढीग उकरून एकटंच बाहेर येतं आणि आपलं आपण चरायला लागतं. म्हणजे त्या पक्ष्याला किनारा पाहिजे आणि किनाऱ्याचं रान पाहिजे. दुसरीकडं नेऊन सोडू म्हणून चालत नाही.

आणि सरकारला नेमका तोच किनारा पाहिजे. गालाथिया खाडीत बंदर, शिवाय विमानतळ, वीजकेंद्र, नवं शहर. १३० चौरस किलोमीटरहून जास्त जंगल जाणार. ९.६४ लाख झाडं तुटतील असं सरकारनंच संसदेत सांगितलं. भरपाईची झाडं कुठं? हरयाणात! निकोबारचं घुबड तिकडं उडत जाणार काय?

आता खरी गोम ऐका. गालाथिया खाडीला अभयारण्य होतं. जानेवारी २०२१ मध्ये ते रद्द करायला मंजुरी दिली. मग २०२२ मध्ये मेंचाल बेटावर मेगापोडसाठी आणि लिटल निकोबारवर समुद्री कासवासाठी नवी अभयारण्यं काढली. ती बेटं निकोबारींची, पूर्वापार. त्यांना न विचारता काढली. बंदर आलं की पक्षी हलका, आदिवासीची जमीन घ्यायची असली की तोच पक्षी भारी.

२००४ च्या सुनामीत निकोबारींची गावं वाहून गेली. सरकारनं माणसं उचलून वसाहतीत ठेवली. तेव्हापासून ते म्हणतायत, आमच्या गावी जाऊ द्या. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या आदिवासी परिषदेकडून ना-हरकत घेतली. ती जुनी गावंच प्रकल्पात जातायत हे कळल्यावर नोव्हेंबरात त्यांनी ती मागे घेतली. त्याच महिन्यात पर्यावरणाची मंजुरीही निघाली. त्याआधीच प्रशासनानं लिहून दिलं होतं, की वनहक्क कायद्याचं सगळं पूर्ण झालं. शोंपेनांची ग्रामसभा कधी, कोणत्या झाडाखाली भरली?

आपण पक्ष्याच्या विरोधात नाही. कॅमेरा घेऊन येणाऱ्या हौशी माणसाशीही आपलं भांडण नाही. त्यांना पाणी द्या, पिंगळ्याचं झाडही दाखवा. पण विचारा, की ताई, दादा, ज्या रानात तुम्ही पाखरू बघता ते राखलं कुणी? निकोबारच्या बाजूनं बोलाल काय?

वनहक्क कायद्याचं कलम ५ जंगल आणि वन्यप्राणी राखायचा अधिकार ग्रामसभेला देतं. फॉरेस्टवाले पिंगळ्याचं नाव सांगून नेवाडाची जमीन मोजायला आले तर हे कलम पुढं करा. येत्या ग्रामसभेत निकोबारी आणि शोंपेन भावंडांच्या पाठिंब्याचा ठराव घ्या, सही-अंगठ्यासह एक प्रत तहसीलदाराला द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.