वायर एक, माणसं सात

बेळगावात आमच्या पीजीत आम्ही सात जणी राहतो. केबलवाल्याचं ब्रॉडबँड कनेक्शन मात्र एकच, तेही घरमालकीण काकूंच्या नावावर. उद्या आमच्यापैकी एकीवर सरकारने पाळत ठेवायची ठरवली, तर बाकीच्या सहा जणींचं काय?

मोबाईल ज्याचा त्याचा असतो, ब्रॉडबँड सगळ्या घराचं. कायदेशीर आदेश आला की कंपनी त्या कनेक्शनवरून येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाची प्रत तपास यंत्रणेला देते. कनेक्शन एक, म्हणजे सातही जणी त्यात आल्या. हल्ली बहुतेक साइट्स एन्क्रिप्टेड असतात, त्यामुळे मजकूर सहसा वाचता येत नाही. पण कोणती साइट, किती वाजता, किती वेळ, एवढं कळू शकतं. रात्री दोन वाजता एखाद्या आजाराची साइट उघडली, तर आणखी काय कळायचं राहिलं?

पाळत नकोच, असं मी म्हणत नाही. घातपाताचा कट वेळेत कळायलाच हवा. प्रश्न आहे तो परवानगी कोण देतं याचा. १९९६ साली पीयूसीएल खटल्यात सुप्रीम कोर्टाने फोन टॅपिंगवर बंधनं घातली. आज २०२३ चा दूरसंचार कायदा आणि २०२४ चे नियम आहेत. आदेश सहसा गृहसचिवांचा, मुदत ६० दिवस, वाढवून जास्तीत जास्त १८०. तो आदेश तपासणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीश कुठेच नाही! जुन्या नियमांखाली अशा समितीपुढे एकेका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येतात, असं न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये नोंदवलं होतं. इतके कागद कोण वाचणार?

आणि गैरवापराची भीती काल्पनिक नाही. आपल्याच कर्नाटकात १९८८ साली फोन टॅपिंगच्या आरोपांवरून मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना राजीनामा द्यावा लागला.

माझं म्हणणं साधं आहे. आदेशावर न्यायाधीशाची सही हवी, आणि पाळत संपल्यावर संबंधितांना कळवायला हवं. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी टॅपिंग केलं, तर ते संपल्यावर साधारण ९० दिवसांत तसं कळवावं लागतं. आपल्याकडे कधीच कळत नाही; मग दाद मागायची कुठे?

नेटचं बिल आम्ही सात जणी वाटून भरतो. संशय वाटून घ्यायला मात्र आमची तयारी नाही.